दरडीची तारीख नको, पावसाची मर्यादा ठरवा

जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात महाड तालुक्यातलं जुई आणि दासगाव. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण. २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड तालुक्यातलं तळिये. १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. सह्याद्रीतल्या या दरडींच्या तारखा एकाखाली एक मांडल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. यातली एकही जूनच्या पहिल्या पावसात कोसळलेली नाही. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. महिना-दीड महिना पाणी पिऊन डोंगर जड झालेला असतो आणि त्यावर दोन-तीन दिवस संततधार लागते. तरीही दर वर्षी आपण विचारतो तो प्रश्न एकच, ‘दरड कधी पडेल?’ या प्रश्नाला तारीख-वेळेचं उत्तर आजचं कोणतंही शास्त्र देत नाही. पण म्हणून काहीच सांगता येत नाही असंही नाही. उतार किती पाण्यापर्यंत तग धरेल याचा हिशेब मांडता येतो आणि ती मर्यादा जवळ आली की माणसं हलवता येतात. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावांचे सरपंच, शिक्षक, पोलीस पाटील आणि तिथे रस्ते-इमारती बांधणारे तरुण अभियंते यांना हा हिशेब समजावा, यासाठी हा लेख आहे.

दरडीच्या अभ्यासात तीन वेगवेगळे प्रश्न असतात आणि त्यांची गल्लत झाली की घोटाळा होतो. कुठे पडू शकते, पडण्याच्या किती जवळ आहे आणि आता हलायचं का, असे ते तीन प्रश्न. पहिल्याचं उत्तर नकाशा देतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४ मध्ये देशातल्या डोंगराळ भागांचे दरडप्रवणता नकाशे करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. उताराचा कोन, खडकाचा प्रकार, मातीची जाडी, झाडोरा, ओढ्यांचं जाळं आणि आधी पडलेल्या दरडी यांची सांगड घालून हे नकाशे बनतात. त्यांचं प्रमाण १:५०,००० आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाचशे मीटर भरतो आणि चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर बोटाच्या नखाएवढीही दिसत नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर विधिमंडळातच सांगितलं गेलं. त्यावरून नकाशे कुचकामी ठरवणं चूक आहे. त्यांची भाषा नीट समजून घेणं हा खरा धडा आहे. नकाशाने ‘धोका आहे’ म्हटलं तर ते गंभीरपणे घ्यायचं. नकाशा गप्प असेल तर त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा नसून ‘इथे जवळून पाहायचं राहिलं आहे’ एवढाच असतो.

जवळून पाहण्याचं काम गावालाच करावं लागतं. एकदा मे महिन्यात आणि मग पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला फेरी मारावी. घर ज्या सपाटीवर उभं आहे ती सपाटी पुष्कळदा सुरक्षित दिसते, पण संकट येतं ते वरच्या उतारावरून आणि नाळेच्या तोंडातून. सह्याद्रीचा डोंगर बसाल्टच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. तो पाणी अडवतो, त्या रेषेवर झरे फुटतात आणि वरचा झिजलेला मुरूम आतून ओला राहतो. हा मुरूम किती जाड आहे हे रस्त्याच्या कापलेल्या कडेत किंवा विहिरीच्या भिंतीत दिसतं. उताराचा कोन फोनवरच्या ॲपने मोजता येतो. फोन नसेल तर एक मीटर आडव्या अंतराला साधारण ५८ सेंटिमीटर चढ म्हणजे तीस अंश, एवढं लक्षात ठेवावं. चंद्रकोरीसारखी वळलेली भेग, एकाच दिशेला कललेली झाडं आणि विजेचे खांब, उताराच्या पायथ्याशी आलेला फुगवटा, अचानक अडकू लागलेली दारं या खुणांची नोंद करावी. नवा फुटलेला झरा, एकाएकी गढूळ झालेला झरा किंवा भर पावसात आटलेला ओढा यांची नोंद सगळ्यांत आधी घ्यावी. शेतात मोठमोठे धोंडे मातीत अर्धे रुतलेले दिसत असतील, तर ते वरून कधी आणि कसे आले हा प्रश्न विचारायलाच हवा. जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेली गावं थोडी नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे उतार पडण्याच्या किती जवळ आहे याचं उत्तर गणित देतं. अभियंते त्याला सुरक्षा गुणांक म्हणतात. मातीला खाली ओढणारं बल आणि तिला धरून ठेवणारं बल यांचं हे गुणोत्तर. धरणाऱ्या बलाला ओढणाऱ्या बलाने भागायचं. उत्तर एकाच्या वर असेल तर उतार उभा, एकाच्या खाली गेलं तर कोसळणार. एक साधं उदाहरण घेऊ. तीस अंशांचा उतार, कातळावर दोन मीटर जाडीचा मातीचा थर, मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, तिचा घर्षणकोन तीस अंश आणि कणांना एकत्र धरणारा चिकटपणा ५ किलोपास्कल. थरात पाणी नसताना सुरक्षा गुणांक येतो १.३२. थर अर्ध्या उंचीपर्यंत पाण्याने भरला की तो १.०५ वर उतरतो. पाणी पृष्ठभागापर्यंत आलं की ०.७८. उतार तोच, माती तीच, कोनही तोच. बदललं ते फक्त पाणी. पाण्याने मातीचं वजन वाढतं हे खरं, पण हा हिशेब वजन मुद्दाम तेवढंच ठेवून केलेला आहे. खरं काम करतो तो कणांच्या मधल्या पाण्याचा दाब. हे पाणी कणांना एकमेकांपासून उचलून धरतं, त्यामुळे कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण घटतं. जुलैच्या उत्तरार्धातल्या त्या तारखांचं कोडं इथे सुटतं. जूनचा पाऊस थर अर्धा भरून ठेवतो आणि जुलैची संततधार उरलेला भरते.

याच उदाहरणातून गणिताची मर्यादाही कळते. अर्धा थर भरलेला असताना चिकटपणा ५ ऐवजी ३ किलोपास्कल धरला, तर गुणांक १.०५ वरून ०.९२ वर येतो. दोन किलोपास्कलचा फरक म्हणजे एकाच उतारावर दहा पावलांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतला फरक. म्हणजे तेवढ्यावर ‘सुरक्षित’ आणि ‘कोसळणार’ यांची अदलाबदल होते. दाट मुळांमुळे वरच्या थराला मिळणारा जास्तीचा आधारही अशाच काही किलोपास्कलांचा असतो, म्हणून उतारावरची झाडं तोडणं हा केवळ निसर्गप्रेमाचा विषय राहत नाही. मात्र मुळं जिथवर पोचत नाहीत अशा खोल घसरणीला झाडं थोपवू शकत नाहीत, हेही तितकंच खरं. प्रत्यक्षात उतार एकसारखा नसतो, म्हणून तज्ज्ञ घसरणीचं संभाव्य पृष्ठ गृहीत धरून वरच्या मातीचे उभे काप पाडतात आणि प्रत्येक कापाचा हिशेब करतात. बिशप यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि मॉर्गनस्टर्न व प्राइस यांनी १९६५ मध्ये मांडलेली पद्धत आजच्या संगणक प्रणालींतही वापरतात. प्रणाली कितीही महागडी असली तरी तिला दिलेले आकडे चुकीचे असतील तर उत्तरही चुकीचंच येणार.

म्हणून कुणी तुमच्या गावाच्या उताराचा अहवाल आणून ठेवला, तर शेवटच्या पानावरचा आकडा पाहण्याआधी चार गोष्टी विचारा. हिशेबात पाण्याची पातळी कोणत्या महिन्याची धरली आहे? उन्हाळ्यात भोकं पाडून मोजलेली पातळी जुलैला लागू होत नाही. मातीची ताकद तिथल्याच, पाण्याने भिजवून तपासलेल्या नमुन्यावरून घेतली आहे की पुस्तकातल्या कोष्टकावरून? उत्तर एकच आकडा आहे की आकड्यांचा पल्ला दिला आहे? आणि शेजारी आधी कोसळलेल्या उतारावर हाच हिशेब उलटा करून पाहिला आहे का? कोसळण्याच्या क्षणी गुणांक एक होता एवढं तर नक्की ठाऊक असतं. त्यावरून मातीची खरी ताकद मागे जाऊन काढता येते आणि प्रयोगशाळेतल्या एखाद्या नमुन्यापेक्षा ती पुष्कळदा जास्त भरवशाची असते. आणखी एक सावधगिरी बाळगावी. घाटरस्त्याच्या कातळाला हा मातीचा हिशेब लावू नये. तिथे कातळ तुटतो तो त्यातल्या सांध्यांवरून, त्यामुळे सांध्यांची दिशा आणि कल मोजावे लागतात. रस्त्याकडे झुकलेला एक सांधा अख्ख्या भक्कम कातळाला निकामी करतो.

आता तिसरा प्रश्न, हलायचं कधी? इथे पावसाच्या मर्यादेचा उपयोग होतो. नेल केन या भूशास्त्रज्ञाने १९८० मध्ये जगभरातल्या ७३ घटना गोळा करून पावसाची तीव्रता आणि कालावधी यांचं एक सूत्र मांडलं. त्यानुसार चोवीस तासांसाठी मर्यादा साधारण शंभर मिलिमीटर येते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैमध्ये दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस ही काही अपूर्वाई नव्हे. हे सूत्र जसंच्या तसं लावलं, तर गाव महिन्यातून कित्येकदा रिकामं करावं लागेल आणि चौथ्या वेळी कुणी ऐकणार नाही. उलट तळियेच्या दुर्घटनेच्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत जवळपास पाचशे मिलिमीटर पडला. जिथला डोंगर मुसळधार पावसातच घडलेला आहे, तिथली मर्यादाही तिथल्याच नोंदींतून काढावी लागते. ती परक्या मुलखातून उसनी आणता येत नाही.

ती काढण्याची रीत अशी. गावात एक पर्जन्यमापक ठेवावा. विकतचा नसेल तर सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, घर-झाडांपासून लांब ठेवून रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजावी. राज्याच्या महावेध प्रकल्पातली महसूल मंडळ पातळीवरची स्वयंचलित केंद्रं आधाराला आहेतच, पण मंडळाचं केंद्र खाली पठारावर आणि वाडी कड्याखाली असेल तर दोघांचा पाऊस सारखा नसतो. मग गावातल्या जुन्या माणसांना विचारून, तलाठ्याकडची आणि बांधकाम खात्याकडची नोंद पाहून, गेल्या पंधरा-वीस वर्षांत कधी कधी माती सरकली याची यादी करावी. गाव गाडणाऱ्या दरडीच कशाला, रस्त्यावर आलेला मुरूम आणि फुटलेला बांधसुद्धा त्यात धरावा. त्या प्रत्येक घटनेपुढे त्या दिवसाचा, आधीच्या तीन दिवसांचा आणि १ जूनपासूनचा पाऊस लिहावा. ज्या सर्वांत कमी पावसाला काहीतरी सरकलं, त्याच्याही थोडं अलीकडे गावाची मर्यादा ठेवावी. नोंदीच नसतील तर सुरुवातीला हवामान खात्याची वर्गवारी हाताशी धरावी. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत जोरदार. ही दरडीची मर्यादा नव्हे, पावसाची प्रतवारी आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये एवढ्या पावसाचा इशारा आला आणि वर सांगितलेल्या खुणांपैकी एक जरी दिसली, तरी हलण्याला ते कारण पुरेसं आहे.

यावर कुणी म्हणेल, पाऊस कशाला, थेट डोंगराची हालचालच मोजू. काही ठिकाणी हे उत्तम चालतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजलं आणि रोजचा वेग २, २.५, ३.३, ५ मिलिमीटर असा वाढत गेला, तर एकाला त्या वेगाने भागावं. ०.५, ०.४, ०.३, ०.२ असे आकडे येतात. ते सरळ रेषेत उतरतात आणि आणखी दोन दिवसांनी शून्याला टेकतात. तो कोसळण्याचा अंदाजे दिवस. जपानचे फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही रीत खाणींत वापरतात. अमेरिकेतल्या युटा राज्यात बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीचा उतार १० एप्रिल २०१३ ला कोसळला. रडारने हालचाल आधीच टिपली होती, माणसं वेळेत बाहेर काढली होती आणि एकालाही इजा झाली नाही. उलट इटलीतल्या वायोंत धरणाच्या काठचा डोंगर सरकतो आहे हेही मोजलं जात होतं, पण गावं वेळेवर रिकामी झाली नाहीत. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तो डोंगर जलाशयात कोसळला आणि उसळलेल्या लाटेने सुमारे दोन हजार माणसं गेली. दोन्हीकडे मोजणी होती. बिंगहॅमला तिच्यामागे निर्णय होता, वायोंतला नव्हता. शिवाय सह्याद्रीतला वरवरचा चिखल-धोंड्यांचा लोंढा अनेकदा अशी आठवडाभराची पूर्वसूचना देत नाही. भेग दिसल्यापासून काही तासांतही सगळं आटोपू शकतं. म्हणून भेग जरूर मोजावी, पण भेग नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

सर्वांत रास्त आक्षेप आहे तो खोट्या इशाऱ्यांचा. चार वेळा गाव हलवलं आणि काहीच झालं नाही, तर पाचव्या वेळी लोक हसतील. हे टाळायचं असेल तर पहिल्याच सभेत उघड सांगावं की ही दरडीची भविष्यवाणी नसून पाण्याची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली गेली तरी बहुतेक वेळा डोंगर उभाच राहील. शिवाय दोन पायऱ्या ठेवाव्यात. पहिल्या पायरीला म्हातारी माणसं, लहान मुलं आणि नाळेच्या तोंडावरची घरं एवढीच हलवावीत, दुसऱ्या पायरीला सगळं गाव. निर्णय दिवेलागणीच्या आधी घ्यावा. इर्शाळवाडीवर डोंगर आला तो रात्री, माणसं घरात असताना. शाळेत काढलेल्या चार रात्रींची गैरसोय खरी आहे, पण तिची तुलना माळीणच्या १५१ मृत्यूंशी किंवा इर्शाळवाडीतल्या २७ मृतदेहांशी आणि कधीच न सापडलेल्या ५७ माणसांशी करावी. दुसरा आक्षेप असा की आमच्याकडे शंभर वर्षांत दरड पडलेली नाही. कातळ झिजून मुरमाचा थर हळूहळू जाड होतच असतो, म्हणून जो उतार फार दिवस रिकामा झाला नाही तो जास्त भरलेला असू शकतो. शिवाय शंभर वर्षांपूर्वी पायथा कापून काढलेला रस्ता तिथे नव्हता. पुनर्वसन हाच खरा उपाय, हा तिसरा आक्षेप मात्र पूर्ण मान्य आहे. फक्त जागा, मोजणी आणि बांधकाम यांत वर्षं जातात, आणि मधले पावसाळे कुणासाठी थांबत नाहीत.

उपकरणांवर आणि दूरच्या इशाऱ्यांवर विसंबण्यालाही हद्द आहे. माळीण गाडलं गेल्याची खबर जगाला मिळाली ती एसटीच्या चालकाकडून. गाव जागेवर नाही हे त्याने पाहिलं. जिथे संततधारेत वीज आणि मोबाइलचं नेटवर्क दोन्ही जातं, तिथे निर्णय गावातच घेता आला पाहिजे. आणि पाणी हेच मूळ असेल तर थोडा उपायही पाण्याचाच करता येतो. गावाच्या वर पडणारं पाणी बाजूच्या ओढ्यात नेणारा उताराचा चर काढावा, नाळेचं तोंड राडारोड्याने बुजू देऊ नये, भेग चिकणमातीने भरून ताडपत्रीने झाकावी, संरक्षक भिंतीतली पाणी निचरण्याची भोकं मोकळी ठेवावीत आणि घर वाढवण्यासाठी डोंगराचा पायथा कापू नये. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राने चांगल्या कारणासाठी आपलीशी केली, पण गावाच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर तीच घातक ठरते. सलग समतल चर पाणी मुरवण्यासाठीच असतात, आणि मुरलेलं पाणी थर अर्ध्याऐवजी पुरता भरायला मदत करतं. तिथे पाण्याला जिरवायचं नाही, वाट करून द्यायची.

या सगळ्यातून शेवटी एक कागद हाती यावा. त्यावर गावाची एक दिवसाची आणि तीन दिवसांची पावसाची मर्यादा असावी, रोजची नोंद कोण घेणार त्याचं नाव असावं, मर्यादा ओलांडल्यावर हाक कोण देणार आणि तो नसेल तर कोण, हे असावं, आणि कुणी कुठे जायचं हेही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला त्याची प्रत द्यावी, पण त्यांच्या फोनची वाट पाहत बसू नये. हा कागद मंजूर करायची जागा म्हणजे ग्रामसभा, आणि तिची वेळ १ मे. त्यानंतरची ठरलेली ग्रामसभा १५ ऑगस्टला असते. सुरुवातीला दिलेल्या सगळ्या तारखा या दोन ग्रामसभांच्या मधल्या आहेत.